रडणं काढू नका

माझं काम आवाजाच्या साफसफाईचं. कुणी जाहिरात वाचतं, कुणी गोष्टी वाचतं, आणि मी कानाला हेडफोन लावून त्यातलं खोकणं, गिळणं, जिभेची चटचट काढत बसते. माणसाच्या बोलण्यातून काय काय कापता येतं हे मला कुणी शिकवू नये. पण आमच्या भावजींनी जे कापलं ते मी जन्मात कापलं नसतं. अजूनही आठवलं की तोंड कडू होतं.

भावजी म्हणजे माझे थोरले दीर, आमच्या चर्चच्या मंडळीचे आताचे पाळक. त्यांच्याआधी त्यांचे वडील, म्हणजे माझे सासरे, पाळक होते. बाबांनी उभा जन्म सुवार्ता सांगितली, तीही साधी, बिनमसाल्याची. मग त्यांच्या गळ्यात गाठ निघाली आणि डॉक्टरांना स्वरयंत्रच काढून टाकावं लागलं. आता गळ्याच्या खाली एक भोक आहे, त्यातून ते श्वास घेतात आणि वर रुमाल बांधतात. बोलायचं ते पाटीवर, खडूनं. माझा नवरा बोटीवर नोकरीला, त्यामुळे घरात मी आणि बाबा दोघंच, पण भांडणं मात्र चार माणसांची. चहात साखर कमी पडली की पाटीवर 'साखर' लिहून खाली रेघ मारतात. मी लक्ष दिलं नाही तर पाटी टेबलावर आपटतात.

भावजींनी बाबांच्या प्रवचनांची जुनी रेकॉर्डिंग मागितली तेव्हा मला बरंच वाटलं. म्हटलं, चला, लेकाला बापाची आठवण तरी झाली! मीच सगळी नीट लावून दिली. थोड्याच दिवसांत फोनवर छोट्या छोट्या क्लिपा यायला लागल्या. नाव 'रोजचा दिलासा', मागे पियानो, पुढे बाबांचा आवाज. गोड, गिळगिळीत. मला त्या आवडल्या नाहीत, पण म्हटलं, जाऊ दे, मला तर सगळ्यातच खोट दिसते.

मग एका शनिवारी दुपारी शिंपीणबाई आल्या. आमच्याच मंडळीतल्या. गळ्यात मापाची टेप तशीच, म्हणजे दुकानातून उठून आल्या होत्या. त्यांची एकुलती एक मुलगी दोन वर्षांपूर्वी तापाचं निमित्त होऊन गेली. तिला पुरताना बाबांनीच प्रवचन केलं होतं. आवाज असतानाचं त्यांचं ते जवळजवळ शेवटचंच.

त्या बसल्या नाहीत. फोन बाबांच्या पुढे धरला आणि क्लिप लावली. बाबांचा भरदार आवाज स्वयंपाकघरात घुमला: "जिथे खरा विश्वास आहे, त्या घरातलं लेकरू मरत नाही. देव त्या दारात मरणाला पाऊल टाकू देत नाही."

"पाळकसाहेब," शिंपीणबाई म्हणाल्या, "हे तुम्ही माझ्या पोरीच्या पेटीपाशी बोलला होतात का? मला त्या दिवसाचं काही म्हणजे काही आठवत नाही. एवढंच सांगा. माझा विश्वास कमी पडला म्हणून गेली का ती?"

बाबा उभे राहिले. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. गळ्यातल्या भोकातून नुसती फुसफुस आली. पाटी घेतली, तर पहिल्याच अक्षराला खडू मोडला. मी त्यांना इतकं असहाय कधी पाहिलं नव्हतं, ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा नाही.

मी म्हटलं, "थांबा बाई. सगळं माझ्याकडे आहे."

मूळ रेकॉर्डिंग शोधलं आणि लावलं. पियानो नव्हता. पावलांचे आवाज, कुणीतरी खुर्ची सरकवतंय, आणि मग बाबा: "उद्यापासून तुझ्या घरी लोक येतील. ते तुला सांगतील, जिथे खरा विश्वास आहे, त्या घरातलं लेकरू मरत नाही. देव त्या दारात मरणाला पाऊल टाकू देत नाही. असं जो म्हणेल त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठव. तो देवाच्या नावावर खोटं बोलतोय."

मग एक बाई हंबरडा फोडते. बाबा थांबतात. पुष्कळ वेळ नुसतं रडणंच ऐकू येतं, आणि त्यात मधूनमधून बाबांचं नाक ओढणंही. मग ते म्हणतात, "ही का गेली ते मला माहीत नाही. आपला प्रभू मित्राच्या कबरीपाशी रडला होता. तो स्वतःही मेला. मरण चुकवून नाही, मरणात शिरून तो उठला. सुवार्ता एवढीच आहे, बाई. मरण येतं, पण शेवटचं बोलणं त्याचं नसतं."

शिंपीणबाई आता खाली बसल्या होत्या, फरशीवरच. "ही रडतेय ती मी आहे," त्या म्हणाल्या.

मी भावजींना फोन लावला. मनात होतं तेवढं सगळं बोलले. ते मात्र थंड.

"अगं, त्यात एक तरी शब्द माझा आहे का? सगळे बाबांचेच. मी काही घातलं नाही, फक्त जास्तीचं काढलं. एवढं लांबण कोण ऐकतं आजकाल? लोकांना धीर हवा असतो. गर्दी बघतेस ना रविवारी? आणि उद्या तीच क्लिप लावायची आहे, सगळ्यांना फार आवडली. वेळेवर लाव म्हणजे झालं. घरातलं भांडण घरात."

शी! सख्ख्या बापानं ज्याला खोटं म्हटलं, तेच बापाच्या तोंडी घालायचं, आणि वर म्हणायचं फक्त जास्तीचं काढलं. फोन ठेवल्यावर मी हात साबणानं धुतले. वेडेपणा खरा, पण धुतले.

रविवारी चर्चमधला साउंड मीच बघते, हे त्यांना ठाऊकच होतं. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी पाटीवर लिहिलं, 'सगळं लाव.' मग पाटी शिंपीणबाईंकडे वळवली. आवाज त्यांचाही होता, त्यांना विचारायलाच हवं होतं. त्यांनी डोळे पुसले.

"लावा," त्या म्हणाल्या. "आणि माझं रडणं काढू नका."

दुसऱ्या दिवशी भावजींनी हसून हात वर केला, मी बटण दाबलं. 'खोटं बोलतोय' आलं तसं त्यांचं हसू उतरलं. ते व्यासपीठावरून हातानं कापण्याची खूण करत राहिले, मी ढिम्म हलले नाही. हंबरडा सभागृहभर पसरला. काही बायका रडल्या. काही माणसं घड्याळ बघत होती, हेही सांगायला हवं. संपल्यावर कोट घातलेला एक गृहस्थ माझ्यापाशी येऊन म्हणाला, "छान होतं, पण फार रडकं. ती छोटी क्लिप आहे ना, ती पाठवता का?"

मी त्याला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सगळे गेल्यावर भावजी माझ्या टेबलापाशी आले. चेहरा लालबुंद. "चारचौघांत बापाची शोभा केलीस तू!"

बाबा मागून चालत आले. त्यांनी पाटी पुढे केली. 'मी तसं म्हणालो नव्हतो.'

"बाबा, आवाज तर तुमचाच आहे ना?" भावजी लहान मुलाला समजवावं तसं म्हणाले.

बाबांनी पाटी टेबलावर ठेवली. गळ्याचा रुमाल सोडला. मग लेकाचा हात मनगटाला धरून वर नेला आणि तळवा त्या भोकावर टेकवला. ओलं, लालसर भोक. श्वास आत गेला, बाहेर आला. बाबांचे ओठ हलत होते, काहीतरी सांगत होते, पण आवाज कसला? भावजींनी हात झटकन ओढून घेतला आणि पँटला पुसला. एकदा नाही, परत परत पुसला.

बाबा ते बघत होते. मीही बघत होते. ज्या गळ्यातून निघालेला आवाज भावजी रोज सकाळी हजारोंना वाटत होते, त्या गळ्याला एकदा हात लागला तर त्यांना किळस आली. भावजींना ते कळलं असावं, कारण ते पाठ फिरवून निघून गेले.

बाबा रुमाल बांधायला गेले तर बोटं ऐकेनात. शिंपीणबाई एवढा वेळ दाराशी उभ्या होत्या. त्या पुढे आल्या, भोकाकडे सरळ बघितलं, भोवतीचा ओलावा आपल्या पदरानं टिपला आणि रुमालाची गाठ बांधून दिली.

"कड उसवलीय हो याची," त्या म्हणाल्या. "उद्या नवा शिवून आणते."

बाबांनी पाटी पुसली आणि लिहिलं, 'काळा नको.' खाली रेघ मारली.