बिनमिठाचं खारं पाणी

"लाल! लाल झाली!" म्हणत शंभर-दीडशे माणसं एकदम पुढे सरकली. पांढऱ्याफटक मिठाच्या माळावर, बोअरच्या तोंडाशी एक टेबल मांडलं होतं आणि नळीतल्या पाण्यात बुडवलेली तार धरताच त्यावरच्या स्पिरिटच्या दिव्याची ज्योत डाळिंबासारखी लालभडक पेटली होती. कंपनीचा ड्रायव्हर गाडीच्या टपावर चढून फोटो काढत होता. छोट्याशा खाण कंपनीच्या मालकांनी तर चक्क डोळे पुसले.

"बघितलंत?" नाडीसाहेब म्हणाले. कोट-टायमधला हा गृहस्थ जमिनीला कान लावून तिची नाडी बघायचा, म्हणून हे नाव. "लाल ज्योत म्हणजे लिथियम! बॅटऱ्यांचं सोनं! पण हे खनिज फार मानी असतं हं. शंकेखोराचा हात लागला की थेट पाताळात जाऊन बसतं. म्हणून पाणी काढणार मी, माझ्याच नळीने."

वा रे खनिज! ड्रिलला भीत नाही, शंकेला भितं. पण हसणार कोण? नाडीसाहेबांकडून माळ विकत घ्यायचे कागद टेबलावर तयार होते आणि मालकांच्या हातात पेन होतं.

बाटल्या घेऊन शेजारी उभी होती ती वहिनी. कंपनीच्या प्रयोगशाळेत ती एकटीच केमिस्ट. तिचा दीर त्याच कंपनीच्या जुन्या खाणीत कामाला, त्यामुळे सगळे तिला वहिनीच म्हणायचे. आठ महिन्यांपूर्वी त्या खाणीच्या सगळ्यात खालच्या थरात पाणी घुसलं, जुनाट पंप ऐन वेळी बंद पडला आणि तीन माणसं वर आलीच नाहीत. त्यातला एक तिचा नवरा.

तेव्हापासून बाई दगड झाली होती. रडू नाही, राग नाही. कामाला यायची, घरी जायची. सासूबाई जेवताना विचारायच्या, "कसं झालंय गं?" ही म्हणायची, "छान." एकदा सासूबाईंनी मुद्दाम मीठ न घालता वाढलं, तरी "छान"च!

नव्या पंपाचे पैसे मालकांनी बाजूला काढून ठेवले होते. तेच आता या माळात जाणार होते. दीर मात्र उद्यापासून त्याच थरात, त्याच पंपाच्या भरवशावर उतरणार होता. सकाळी म्हणाला होता, "लिथियम निघालं की मालक दोन पंप घेणार आहेत, वहिनी. वर्षभराचा तर प्रश्न आहे." तिने मान हलवली होती. काही वाटलंच नव्हतं.

तपासणीच्या बाटलीसाठी नाडीसाहेबांनी स्टीलची लांब नळी दोरीने पुन्हा बोअरमध्ये सोडली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले, नळी वर ओढली आणि झाकण काढून तिच्या बाटलीत पाणी ओतलं. एक थेंब तिच्या ओठावर उडाला. तिने सवयीने जीभ फिरवली. पाणी जेमतेम मचूळ होतं.

'जीभसुद्धा मेली वाटतं आपली,' तिला वाटलं. तरी तिने खाली वाकून पायाशी जमलेला मिठाचा खडा उचलला आणि जिभेवर ठेवला. थू थू थू! जीभ चरचरली, डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे जीभ शाबूत होती! मग ते पाणी?

आठ महिन्यांत पहिल्यांदा तिला भीती वाटली. याच नळीतलं पाणी तिने मागच्या आठवड्यात तपासलं होतं. फॉर्मवर एकच चौकट होती: लिथियम किती? तेवढंच मोजून तिने आकडा भरला आणि सही ठोकली. एरवी ती कुणी न सांगता मीठही मोजायची. या वेळी तेवढंही सुचलं नव्हतं.

"मालक, थांबा. हे पाणी चाखून बघा."

"वहिनी, आता हे काय मध्येच?"

"शंका!" नाडीसाहेब गरजले. "आता लिथियम खाली बसणार!"

"बसू दे की. बाटलीतून जाऊन जाऊन जाईल कुठे?"

टपावरचा ड्रायव्हर फिसकन हसला. मालकांनी बोट बुडवून चाखलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "अगं, हे खारट नाहीये!"

"आणि आपण उभे आहोत मिठावर."

तिने एका रिकाम्या बाटलीला दगड बांधला आणि ती दोरीने बोअरमध्ये सोडली. वर आलेल्या पाण्यात नवी तार बुडवून ज्योतीत धरली. ज्योत पिवळीधमक झाली.

"मीठ जळलं की पिवळंच दिसणार," ती म्हणाली. "एवढ्या मिठापुढे लिथियमचा लाल रंग नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. ज्योत लाल झाली, त्याअर्थी ते पाणी या जमिनीतलं नव्हतंच."

तोवर ड्रायव्हरने उतरून नळी उलटी केली. खालचं तोंड पक्कं झाळलेलं होतं. पाणी आत शिरायला वाटच नव्हती. शुद्ध पाण्यात लिथियमचा क्षार विरघळवून नळी घरूनच भरून आणायची आणि बोअरमध्ये नुसती बाहेरून भिजवायची, एवढीच ती विद्या!

"इथे नकारात्मक कंपनं फार आहेत," म्हणत नाडीसाहेब मागे सरकू लागले.

"सावकाश, साहेब," ड्रायव्हर म्हणाला, "गाडीची किल्ली माझ्याकडे आहे."

मालक मटकन खुर्चीत बसले. "म्हणजे इथे लिथियम नाहीच?"

"मला माहीत नाही. सगळं मोजीन, मग सांगेन. मागच्या वेळी अर्धवट मोजलं, ती चूक माझी. पण तुम्हीही कुणी विचारलं नाहीत." ती गर्दीकडे वळली. "माहीत नाही म्हणायला लाज कसली? खरं असेल ते चार जणांनी चार वेळा तपासलं तरी खरंच राहतं. शंका घेऊ नका असं जो सांगेल, त्याची नळी आधी उलटी करून बघा. आणि ते पैसे पंपाचे आहेत, मालक. खाली माणसं उतरतात."

मालकांनी पेनला टोपण लावलं. पंप येईपर्यंत खालचा थर बंद, असं त्यांनी तिथल्या तिथे फोनवर सांगितलं.

संध्याकाळी दीर शेजारी जेवायला बसला होता. सासूबाईंनी रोजच्यासारखं विचारलं, "कसं झालंय गं?"

तिने घास घेतला आणि थांबली.

"मीठ जास्त झालंय, आई," ती म्हणाली आणि ताटावरच हमसून हमसून रडायला लागली.

सासूबाईंनी तिचं डोकं कुशीत घेतलं. "झालंय खरं," त्या म्हणाल्या. "त्या अळणी जेवणापासून रोज मुद्दाम चुकवत होते. म्हटलं, एक दिवस तरी म्हणशील."