मास्तरांचा नियम

माझं तोंड फाटकं आहे, असं आमच्या ऑफिसात सगळे म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. साहेबांशी भांडून झालंय, लिफ्टवाल्याशी झालंय, कॅन्टीनवालीशी तर आठवड्यातून दोनदा. फक्त एकदाच, जेव्हा बोलायलाच हवं होतं, तेव्हा माझी दातखीळ बसली. तेच सांगते.

आमच्याकडे एका मोठ्या हॉलमध्ये तीनशे चाळीस मशीन्स आहेत. हवामानवाले, पूल बांधणारे, विद्यापीठं, हॉस्पिटलं, ज्यांचं गणित स्वतःच्या कॉम्प्युटरवर मावत नाही ते आमच्याकडे अर्ज करतात. आम्ही त्यांना काही दिवसांसाठी मशीन्स तयार करून देतो. तयार करायचं म्हणजे रिकामं मशीन शोधायचं, त्यावर सिस्टिम चढवायची, खातं उघडून द्यायचं, आणि मुदत संपली की सगळं पुसून परत घ्यायचं. बावीस वर्षं हे काम माझा थोरला भाऊ हातानं करत होता. मला इथं चिकटवलंही त्यानंच. ऑफिसात त्याला मास्तर म्हणत, कारण अर्ज आला की तो आधी फोन करून परीक्षा घ्यायचा. किती हवीत, कशाला हवीत, मागच्या खेपेला त्यातली किती नुसती बसून होती? लोक दहा मागायचे आणि तिनावर खूश होऊन फोन ठेवायचे.

मग वरून हुकूम आला की हे सगळं आपोआप झालं पाहिजे. काम माझ्या गळ्यात पडलं. प्रोग्रामचे सुटे भाग, म्हणजे मॉड्यूलं, लिहायची होती. अर्ज वाचणारं एक मॉड्यूल, मशीन निवडणारं दुसरं, सिस्टिम चढवणारं तिसरं, अशी एकूण सात. दादाचं काय, हे मी पहिल्याच दिवशी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, मास्तरांना कोण हात लावतंय, सगळं नीट चाललं तर ती मॉड्यूलं सांभाळायला माणूस लागेलच की. मी धावत जाऊन दादाला सांगितलं. तो नुसता "बरं" म्हणाला. तो बावन्न वर्षांचा होता, आणि त्या हॉलबाहेरचं कुठलंच काम त्याला येत नव्हतं.

सात महिने तो माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसला. हातचं काही राखलं नाही त्यानं. कुठल्या रांगेतली मशीन्स लवकर तापतात, कुणाला शेजारशेजारची द्यावी लागतात, पुसल्यावर पुन्हा का तपासायचं, सगळं सांगितलं. लोक त्याला चिडवायचे, मास्तर, बसलात तीच फांदी तोडताय. तो म्हणायचा, कुऱ्हाड बहिणीच्या हातात आहे, चिंता नाही. मीही हसायचे.

प्रोग्राममध्ये ओळीशेजारी टीप लिहिता येते. मशीन ती वाचत नाही, ती माणसांसाठी असते. दादानं सांगितलेल्या प्रत्येक नियमाशेजारी मी टीप टाकली, 'नियम मास्तरांचा'. कौतुकानं टाकली हो. बावीस वर्षांत त्या माणसाचं नाव कुठल्या कागदावर आलं नव्हतं.

अडलं ते फोनपाशी. मॉड्यूल फोन कसा करणार? मी जुने अर्ज काढले आणि मागितलेली मशीन्स किती, त्यानं दिलेली किती, असा हिशेब मांडला. सरासरी तिसरा हिस्सा निघाला. झालं, मी लिहून टाकलं की मागतील त्याचा तिसरा हिस्सा द्यायचा. दादानं ते वाचलं आणि चष्मा काढला. म्हणाला, "अगं, तिसरा हिस्सा फोन झाल्यावर निघतो, आधी नाही. काही माणसं नेमकंच मागतात. मॉड्यूलला तिथं थांबू दे, मला विचारू दे."

मला घाई होती. मी म्हटलं, तुलाच विचारायचं तर मॉड्यूल कशाला, तूच बस की जन्मभर. त्यानं चष्मा परत चढवला. नंतर घालू रे ते, असं म्हणून मी पुढच्या ओळीवर गेले. टीप मात्र सवयीनं पडली, 'नियम मास्तरांचा'.

मॉड्यूलं सुरू झाल्यावर तीन आठवडे वाहवा झाली. चौथ्या आठवड्यात हॉस्पिटलचा अर्ज आला. कॅन्सरच्या पेशंटना किरण किती आणि कुठून द्यायचे याचं गणित ते आमच्याकडे करत. तिथल्या डॉक्टरबाई नेमकं मागणाऱ्यांतल्या. त्यांनी बारा मागितली, मॉड्यूलनं चार दिली. गणित वेळेत पुरं झालं नाही आणि अकरा पेशंट उपचार न होताच घरी परतले. दोन दिवसांनी त्यांना पुन्हा बोलावलं. कुणाचं काही बरंवाईट झालं नाही, पण तक्रार थेट वर गेली.

बैठकीत साहेबांनी माझा प्रोग्राम भिंतीवर लावला. ती ओळ मोठी करून दाखवली, आणि तिच्याशेजारची टीपही. सगळ्यांनी ती वाचली. साहेबांनी दादाला विचारलं, "मास्तर, हा नियम तुमचा?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मला उठून सांगायचं होतं की नियम माझा आहे, यानं मला अडवलं होतं. पण ही मॉड्यूलं दुसऱ्या चार सेंटरांना जायची होती आणि ती माझ्या हाताखाली जायची होती. खरं बोलले असते तर माझे सात महिने पाण्यात गेले असते. एवढंच कारण होतं, याहून मोठं काही नाही. मी मान खाली घालून वहीत रेघा ओढत बसले.

"हो, माझाच," दादा म्हणाला.

महिनाअखेर त्याला घरी पाठवलं. नियम दुरुस्त करायला मला चार ओळी लागल्या. आता मॉड्यूल मोठ्या अर्जापाशी थांबतं आणि माणसाला विचारतं. त्यासाठी चौकशीच्या टेबलावरचे दोघं नेमलेत. पहिल्याच दिवशी ते माझ्याकडे आले, फोनवर नेमकं काय विचारायचं म्हणून. मी दादाचे प्रश्न एका कागदावर उतरवून दिले. खाली नाव घातलं नाही.

दादाकडे जायला मला पाच आठवडे लागले. रविवारी सकाळी गेले, सगळं कबूल करायचंच असं ठरवून. जिन्यात दोनदा थांबले. दादा आतल्या खोलीत होता. वहिनीनं दार उघडलं, मला पाहिलं आणि तिचे डोळेच भरून आले. हात धरून तिनं मला स्वयंपाकघरात नेलं, चहा टाकला आणि माझ्या अंगावर ओरडली, किती वाळलात म्हणून. मग शेजारी येऊन बसली.

"वन्सं, यांनी सांगितलंय मला सगळं," ती म्हणाली. "भर बैठकीत तुम्ही एकट्या उठलात यांच्यासाठी. साहेबांशी भांडलात. हे म्हणाले, माझी नोकरी गेली त्याचं काही नाही गं, पण बहीण पाठीशी उभी राहिली. त्यावरच तर तग धरून आहेत ते. नाहीतर मला फार भीती वाटत होती हो."

तेवढ्यात दादा दारात आला. मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. त्यानं वहिनीच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहून मान हलवली, बोलू नकोस म्हणून. मग पाटावर बसावं तसा तिथंच खाली बसला आणि वहिनीला म्हणाला, तिला साखर कमी घाल. वहिनीनं कप माझ्या हातात दिला, आणि मी तो चहा सगळा प्यायले.