आधी एक खोली

मित्रांनो, मी काशीदमधलं दोन खोल्यांचं जुनं घर आहे. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं आणि मागे नारळाची वाडी. रामचंद्र गुरुजींनी मला हौसेने बांधलं. पुढे ते मुलाकडे पनवेलला गेले आणि माझ्या दाराला कुलूप लागलं. वाळवीने दारं खाल्ली, माकडांनी कौलं फोडली. रस्त्याने जाणारे माझ्याकडे बघेनासे झाले.

मग एक दिवस कोळीवाड्यातली केसर आली. ती मासळी सुकवून विकते. तिचा नवरा सदा होडी घेऊन समुद्रावर जातो, पण त्याचे गुडघे दुखू लागले होते. समुद्र सुटला तर घर कशावर चालणार, या काळजीने तिने मला विकत घेऊन भाड्याने द्यायचं ठरवलं. बँकेने कर्ज दिलं. वरची रक्कम भिशीतून आणि तिच्या बांगड्या मोडून उभी राहिली. खरेदी झाली, पण दुरुस्तीला हातात काही उरलं नाही.

माझ्या पायरीवर बसून सदा म्हणाला, होडी विकून टाकू.

केसर म्हणाली, "होडी इकली तर हप्ता कशाव भरायचा? आधी येकच खोली करू. दुसरी तिच्या भाड्यान व्हईल."

मासळीच्या पैशांतून जमेल तसं सामान आणून दोघांनी मिळून एक खोली नीट केली. सदाने स्वतः रंग दिला. तेवढ्यात कमलेश नावाचा दलाल आला. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांकडून दुप्पट पैसे मिळवून देतो, म्हणाला. सदाचं मन चळलं. पण केसरने खोली सरकारी दवाखान्यातल्या नर्सला, दिपालीला, कबूल केली होती.

"पावसात पाव्हनं येत न्हाईत," ती सदाला म्हणाली. "नर्सबाई बारा म्हयनं ऱ्हाईल."

पावसाळ्यात किनारा ओस पडला, तरी माझ्या खिडकीत रोज दिवा लागत होता. हप्ते वेळेवर गेले. दिवाळीनंतर दुसऱ्या खोलीवर नवी कौलं चढली. आता तिथे एका शिक्षकाचं कुटुंब राहतं. गुडघे बरे असले की सदा अजून समुद्रावर जातो. मी सुखात आहे.

मित्रांनो, तुमच्यापैकी कितीतरी जण भाड्याच्या घरात राहत असाल. त्याला परकं मानू नका. खिळा जपून ठोका, गळू लागलं तर मालकाला लगेच सांगा. मालक आम्हाला विकत घेतो, पण दिवसरात्र सोबत असते ती तुमचीच.