उचललेला भंडारा

ज्योतीरामची विडी सुटली ती त्याच्या बायकोमुळे, यशोदेमुळे. सव्वा महिन्यापूर्वी तिनेच त्याला आकुर्डीच्या खंडोबापुढे उभं केलं आणि भंडारा उचलायला लावला. मूठभर हळद हातात धरून त्याने शपथ घेतली. त्यानंतर विडीला शिवला नाही. गावात तिचं कौतुक झालं.

पण विडीमागोमाग बाकीचंही सुटत गेलं. आधी बोलणं, मग जेवण, मग पिंपरीच्या कारखान्यातलं काम. वर्षापूर्वी लेक गेली तेव्हापासून तो खचला होताच. पण तेव्हा निदान विडीसाठी उठायचा, कादरच्या दुकानापर्यंत जायचा, दोन शब्द बोलून यायचा. आता भिंतीकडे तोंड करून पडलेला असे.

कादर तिला म्हणाला, "भाभी, माझं गिऱ्हाईक पळवलंत, हरकत नाही. माणूस तरी परत द्या."

शेवटी तिने चिंचवडातल्या डॉक्टरांना घरी आणलं. त्यांनी तपासलं आणि बाहेर ओट्यावर येऊन म्हणाले, "बाई, आजार दोन आहेत. तुम्ही एकच धरलात, तोही एका दिवसात मोडायला गेलात. विडी सुटायलाच हवी, छाती खराब आहे. पण रोज एकदोन कमी करत, आणि मनाचा इलाज त्याच्या बरोबरीने. पुण्याच्या डॉक्टरांना चिठ्ठी देतो. तोवर त्याने मागितली तर एखादी ओढू द्या."

तो मागणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तिने स्वतःच जाऊन कादरकडून बंडल आणलं आणि त्याच्या उशाशी ठेवलं. त्याने बंडलाकडे पाहिलं. हात पुढे आला, थांबला, मागे गेला.

"भंडारा उचललाय."

"मीच उचलाया लावला. पाप माझ्या माथी."

"देवाला तसं चालत न्हाई."

"मग पुण्याला तरी चला."

"उद्या जाऊ."

उद्या, परवा करत चार दिवस गेले. पाचव्या दिवशी ती एकटीच आकुर्डीला गेली. देवळातल्या मारुतराव गुरवांनी सगळं ऐकून घेतलं.

"शपथ सोडवता येती की. नारळ फोडायचा, भंडारा देवाला परत वाहायचा. लई अवघड न्हाई."

तिला एकदम हलकं वाटलं. "मग आत्ताच वाहते."

"तू कशी वाहशील, पोरी? ज्यानं उचलला त्यानंच याया पायजे."

"त्यांना उठवत न्हाई, मारुतराव. त्याच्यासाठीच तर आले."

गुरवांनी समईची वात पुढे सारली. "मग जरा बरं वाटलं की घेऊन ये."

घरी येऊन तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. गुरव म्हणाले, शपथ सोडवता येते, तुम्ही फक्त चला, मी धरते.

"एवढं लांब?" तो म्हणाला.

कोसभर तर होतं. तिने काखेत हात घालून त्याला उठवून बसवलं. तो बसला. तिने हात काढला, तसा पुन्हा आडवा झाला.