धाकटीचं करडं अंगण

धाकटीचं अंगण करडं, टणक आणि तळहातासारखं सपाट होतं. थोरलीच्या अंगणात चिखल होता. मध्ये गुडघ्याएवढी भिंत. दोघी जावा, एकाच घराचे दोन भाग, आणि चिखल मात्र एकीच्याच वाट्याला.

धाकटीचा नवरा कचरा जाळणाऱ्या भट्टीवर कामाला होता. तिथली राख कामगारांना फुकट नेता यायची. त्यानं ती थोड्या सिमेंटात कालवून, चोपून बसवली. थोरलीच्या नवऱ्यानं मागितली तेव्हा म्हणाला, "संपली रे दादा. पुढच्या खेपेला बघू." ती खेप काही उगवली नाही.

थोरली एका तपासणी प्रयोगशाळेत काम करायची. तिनं पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, "ही चुलीची राख नव्हे. कचरा जळतो, त्यातलं शिसं जळत नाही. ते राखेतच साठतं."

"तुम्हाला मिळाली असती तर सोनं म्हणाला असतात, ताई," धाकटी हसली. सासूबाईही हसल्या. त्यातलं अर्धं खरं होतं.

पण बघवायचं नाही. धाकटीचा गोट्या त्या अंगणात रांगायचा आणि त्याचे गुडघे कोरडे राहायचे. सासूबाईंची खुर्ची तिकडेच असायची. सगळ्यात झोंबायचं ते स्वतःच्या चिऊचं. सकाळी डोळे चोळत उठली की पोरगी थेट भिंतीवर पोट टाकून पलीकडे. "आई, तुझ्याकडे चिखल आहे. मी काकूकडे." संध्याकाळी कुशीत घेतली की तिच्या केसांना काकूच्या तेलाचा वास यायचा. थोरली त्या वासावरच नाक टेकून तिला झोपवायची.

थोरलीकडे मिरवण्यासारखा एकच होता, भिंतीलगतचा पालकाचा वाफा. पानं कशी, हत्तीच्या कानासारखी. ती मुद्दाम मोठी मोठी पानं वर दिसतील अशी जुडी बांधून भिंतीवरून द्यायची. "घे गं, आमच्या चिखलातला." धाकटीचा चेहरा उतरला की तिचा दिवस बरा जायचा.

एका सकाळी तिनं धाकटीच्या अंगणाची निघालेली खपली हळूच रुमालात बांधली आणि कामावर नेली. तिथल्या रीतीप्रमाणे ती कुटून बाटलीत पाण्याबरोबर घातली. बाटली दिवसभर यंत्रावर गरगरत राहिली. पाणी गाळताना थोरली चक्क वाट बघत होती, खराब निघावं म्हणून. आकडा आला. शिसं मर्यादेच्या कितीतरी वर होतं. क्षणभर तिला बरं वाटलं. मग गोट्याची बोटं आठवली, सदा तोंडात असणारी. चिऊचीही.

घरी येताच ती भिंतीशी गेली. चिऊ पलीकडे खडूनं रेघोट्या मारत बसली होती.

"पोरांना आत घे. तुझ्या अंगणातली राख तपासली मी. पाणी लागलं की शिसं सोडते ती."

"मला न विचारता?" धाकटीनं गोट्याला कडेवर घेतलं. "झालं समाधान? केव्हापासून डोळ्यांत खुपतंय तुमच्या."

"खुपतंय. जळते मी तुझ्यावर. अंगणावरून, आणि ही तुझ्याकडे पळते त्यावरून. पण आकडा मी नाही लिहिला, यंत्रानं दिला. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल. दोघांचं रक्त तपासू."

धाकटी खाली बघत राहिली. अंगण पुसून काढायची तिला सवय होती, रोज दोन बादल्या ओतून. तिची नजर त्या ओघळाच्या वाटेनं सरकत भिंतीच्या बुडाशी गेली. तिथं पाणी जायला तिच्या नवऱ्यानं भोक ठेवलं होतं.

"ताई," ती हळू म्हणाली, "माझं पाणी कुठं जातं?"

थोरलीनं पायाशीच्या वाफ्याकडे पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती. आज सकाळीच चिऊच्या डब्यात तिनं पालक दिला होता. परवा एक जुडी भिंतीवरूनही गेली होती, मोठी पानं वर.

दवाखान्यात निघण्याआधी तिनं वाफा उपटायला घेतला. हातमोजे आणले, पोतं आणलं. मुळांना करडा गाळ चिकटून येत होता. धाकटी भिंत ओलांडून आली, घोट्यापर्यंत चिखलात रुतली आणि पोत्याचं तोंड धरून उभी राहिली. "असलं हिरवं कधी बघितलं नव्हतं," ती म्हणाली. "मी रोज जळायचे याच्यावर."

दवाखान्यात नर्सनं सुई हातात घेतली तशी चिऊ आईच्या मांडीवरून घसरली आणि काकूच्या पदरात घुसली.

"आई कोण हिची?" नर्सनं विचारलं.

धाकटीनं हनुवटीनं थोरलीकडे दाखवलं आणि पोरीला सोडवायला गेली. थोरलीला ते झोंबलंच. तरी तिनं मान हलवली.

"असू दे. तिथंच रडत नाही ती. तूच धर," ती म्हणाली आणि गोट्याला घ्यायला हात पुढे केले.