बारा चकत्या

मेदेरने त्या दिवशी उलकानला चहा ओतायला लावलं. खरं तर सगळी गोष्ट एवढीच. पुढचं रामायण त्यातनं झालं, आणि त्यातलं निम्मं तरी त्याला टाळता आलं असतं.

मेदेर नारीन शहराच्या वाटेवरल्या आमच्या गावच्या शाळेत हातकामाचा मास्तर. पोरं त्याला मेदेर आगाय म्हणायची, आमच्याकडे मास्तर म्हणजे आगाय आणि बाई म्हणजे एजे. सव्वीस वर्षं तो एकच तास शिकवत आला होता: मुलांनी फळीला खिळे ठोकायचे, मुलींनी एप्रन शिवायचे. दोन वर्षांपूर्वी त्याच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, त्याने सहावी-सातवीच्या पोरापोरींना एका टेबलाशी बसवलं आणि सांगितलं, घरातली बंद पडलेली वस्तू घेऊन या, उघडा आणि चालू करा. शिवाय महिन्यातून एक दिवस प्रत्येकाने गावातल्या एखाद्या कामकरी माणसाबरोबर काढायचा. कुणी वेल्डरकडे, कुणी गुरांच्या डॉक्टरकडे, कुणी पाव भाजणारीकडे. मोठेपणी काय व्हायचं ते हात काळे केल्याशिवाय कळत नाही, असं तो जो भेटेल त्याला सांगायचा. लोक हसायचे, पण पोरं सुट्टीतसुद्धा वर्कशॉपच्या दाराशी घुटमळायला लागली.

उलकान सातवीतली. तेरा वर्षांची, चेहऱ्याने साधी, बोलायची म्हणजे दोन शब्द, तेही खाली बघून. ती घरचा सेपरेटर घेऊन आली, हातगाडीवर घालून, एकटी ढकलत. दुधातनं साय वेगळी करायचं हातदांड्याचं जुनं यंत्र, दोन वर्षं गोठ्यात गंजत पडलेलं. तिने ते तीन महिने खोललं, घासलं, दात्यांना तेल दिलं, सायकलच्या ट्यूबमधून रबराची कडी कापून बसवली. यंत्राच्या पोटात एक डबा असतो आणि त्या डब्यात पातळ पत्र्याच्या बारा चकत्या, एकावर एक. प्रत्येकीवर आकडा ठोकलेला. एक जरी मागेपुढे झाली तरी डब्याचा तोल जातो. उलकान ते आकडे बोटाने चाचपून लावायची. पहिल्यांदा एका तोटीतनं दूध आणि दुसरीतनं पिवळी साय आली, तेव्हा ती हसली होती. मेदेरने तिला हसताना तेव्हाच पाहिलं.

त्या वर्षी बिश्केकच्या एका तंत्रशाळेने उन्हाळ्यात दहा दिवसांचं शिबिर ठेवलं होतं. दर शाळेतून एकच मूल. खरी यंत्रं, खरे कारागीर, राहणं-खाणं त्यांचं. उलकानची आई बुरुल आधी ऐकेचना. जूनमध्ये सगळं घर गुरं घेऊन वरच्या कुरणात जातं, पोरगी गेली तर दूध कोण काढणार? मेदेर तीनदा तिच्या घरी गेला. तिसऱ्या खेपेला बुरुल म्हणाली, बरं, तुम्ही म्हणताय म्हणून. आणि मेदेरने छातीवर हात ठेवून सांगितलं की जागा उलकानचीच.

शिबिराला कोण जाणार ते ठरायचं होतं खुल्या तासाला. नाव आपलं खुला तास. जिल्ह्याच्या तपासणीसबाई येणार, मागच्या बाकावर बसून बघणार. बघणार काय, तर आठवडाभर घोटून घेतलेली तालीम. कुणी कुठला प्रश्न विचारायचा, कुणी हात वर करायचा, कुणाला त्या दिवशी सर्दी व्हायची, सगळं आधी ठरलेलं. आमच्याकडे हे इतकं मुरलंय की यात काही खोटं आहे असं कुणाला वाटतसुद्धा नाही.

हेडबाई साबिरा एजे तालमीला आल्या आणि उलकान सेपरेटरविषयी काय बोलते ते त्यांनी ऐकलं. ती 'ही चकती, मग ही चकती' एवढंच बोलली. हेडबाईंनी मेदेरला बाहेर बोलावलं. त्यांचं म्हणणं असं, की यंत्र वर्गातल्या अर्सेनने दाखवावं. पोरगा चुणचुणीत, रशियन फाडफाड बोलतो, उभा राहिला की बरा दिसतो. उलकानने पाहुण्यांचा चहा बघावा, मुलगी आहे, शोभेल.

"यंत्र तिचं आहे, एजे," मेदेर म्हणाला.

"यंत्र शाळेचं आहे, आगाय. आणि तुम्हाला वर्कशॉपला नवीन मशिनं हवी आहेत की नकोत?"

मेदेर मनात म्हणाला, प्रयोग झाला की सांगूच की कुणाचं आहे ते. उलकानला त्याने दारामागे नेऊन समजावलं. तिने सगळं ऐकून एकच विचारलं, "मग जागा?" जागा तुझीच पोरी, मी आहे ना, असं तो म्हणाला. तो आहे म्हटल्यावर ती गेली आणि कपबशा मोजायला लागली.

आता खरी गंमत पुढे आहे. गंमत म्हणायची आपली पद्धत. आदल्या दिवशी संध्याकाळी मेदेरला वाटलं, यंत्र जरा चमकवावं. त्याने डबा उघडला, बाराही चकत्या सोड्याने लखलखीत घासल्या आणि परत लावल्या. चष्मा खिशात होता. हल्ली जवळचं त्याला धूसर दिसायचं, पण वर्कशॉपात चष्मा लावायचा नाही हा त्याचा हट्ट. पोरांना म्हणायचा, कारागिराचे डोळे बोटांत असतात. त्या संध्याकाळी त्याची बोटं सोड्याने सुजून बधिर झाली होती. सात आणि आठ उलटसुलट झाल्या, त्याला पत्ता नाही.

दुसऱ्या दिवशी तपासणीसबाई आल्या, पांढरा ब्लाउज, केसांचा उंच अंबाडा. अर्सेन मस्त बोलला. कोमट दूध वरच्या भांड्यात ओतलं, दांडा फिरवला. वेग आला आणि यंत्र जे थरथरायला लागलं! आधी गुरगुरलं, मग टेबल हललं, झाकण उडालं आणि दुधाची धार सरळ बाईंच्या ब्लाउजवर. पोरं ओरडली. अर्सेन दांडा सोडून मागे पळाला. कोपऱ्यात चहाची किटली घेतलेली उलकान पुढे आली, किटली खाली ठेवली, दोन्ही हातांनी दांडा धरून थांबवला, डबा काढून झाकण फिरवलं आणि चकत्यांच्या चळतीवरून एकदा बोट फिरवलं. सातवीवर येऊन बोट थांबलं. मग तिने मेदेरकडे पाहिलं.

तपासणीसबाईंनी रुमालाने छाती पुसत विचारलं, "हे जोडलं कोणी?"

 मेदेरला कळलं होतं. ते बोट थांबलं तिथेच कळलं होतं. त्याला फक्त 'मी' म्हणायचं होतं, एक अक्षर.  हेडबाई त्याच्याकडे बघत होत्या, मागच्या बाकावरची माणसं बघत होती, सव्वीस वर्षं बघत होती.

"मी," उलकान म्हणाली.

आमच्याकडे चारचौघांत मोठ्या माणसाची मान खाली जाऊ द्यायची नाही, हे पोरं चालायला लागायच्या आधी शिकतात. तीही ते शिकली होती. तपासणीसबाई म्हणाल्या, चहा देणाऱ्या मुलीला यंत्रात हात कुणी घालू दिला? दोघेतिघे हसले. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं, उलकानने किटली उचलली आणि खुला तास पुढे चालू झाला.

दुपारी हेडबाईंच्या घरी मेजवानी. तपासणीसबाई हेडबाईंचा कोरडा ब्लाउज घालून आल्या होत्या आणि अगदी खुशीत होत्या. त्यांना वर्ग आवडला होता, पोरांचे कामकऱ्यांकडचे दिवस आवडले होते आणि अर्सेन तर फारच. शिबिराला त्याचंच नाव घालते, म्हणाल्या. मेदेरने मांसाची बशी बाजूला सारली. शेवटी तो उठून म्हणाला, की सकाळची चूक त्याची होती, मुलीची नव्हे.

सगळे त्याच्याकडे कौतुकाने बघायला लागले. बाई म्हणाल्या, बघा, मुलांचा दोष अंगावर घेणारा शिक्षक आता कुठे मिळतो. हेडबाईंच्या नवऱ्याने उठून नवा कोरा पांढरा कालपाक त्याच्या डोक्यावर ठेवला. दाबलेल्या लोकरीची ती उंच टोपी मानाने दिली की परत करत नाहीत, जमिनीवर ठेवत नाहीत. टाळ्या पडल्या. मेदेरला अजून एक वाक्य बोलता आलं असतं. तो नुसता बसला. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते काय, हे त्याला त्या टाळ्यांत समजलं.

संध्याकाळच्या धारांना सेपरेटर घरी लागणार, हे निमित्त काढून तो उठला. यंत्र हातगाडीवर घातलं आणि उलकानच्या घराकडे निघाला. वाटेत ज्याने त्याने कालपाकाबद्दल अभिनंदन केलं.

बुरुल अंगणातच होती. गावातनं बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचलेली. ती लगबगीने पुढे आली आणि मेदेरचा हात दोन्ही हातांत धरून माफी मागायला लागली. पोरीने तुम्हाला मान खाली घालायला लावली, पाहुण्यांना दुधाने न्हाऊ घातलं, मी हिला एक ठेवून दिली आहे, तुम्ही मनात धरू नका. उलकान गोठ्याच्या दाराशी उभी होती. तिचा एक गाल लाल होता. बुरुलने त्याला ओट्यावर बसवलं, पाव आणला, वाटीत साय आणली. कालपाक तिने स्वतः घेऊन खुंटीला टांगला.

मेदेरने पावाचा तुकडा हातात घेतला. तो हातातच राहिला.

"बुरुल, डबा मी जोडला होता. हिने नाही."

बुरुलचे डोळे भरून आले. "आगाय, किती मोठं मन तुमचं. पण हिला पाठीशी घालू नका, अशानं लाडावते."

म्हणजे इथेही तेच. खरं बोलावं तर तेही त्याच्याच पदरात मोठेपणा घालत होतं. मेदेरला स्वतःची इतकी शिसारी आयुष्यात आली नव्हती. त्याला ओरडून सांगावंसं वाटलं, पण सांगणार काय, सांगून तर झालं होतं.

तेवढ्यात उलकान आली. तिने हातगाडीवरचा डबा उचलला, उघडला, बारा चकत्या परातीत ओतल्या आणि परात त्याच्यापुढे ठेवली.

"कालच्यासारख्या लावा," ती म्हणाली.

मेदेरचा हात खिशातल्या चष्म्याकडे गेला आणि तसाच माघारी आला. त्याने चष्म्यावाचून चकत्या लावल्या. सहावीनंतर त्याने एक उचलली, डोळ्यांजवळ नेली, लांब नेली आणि बसवली. आठवी होती. बुरुल वाकून बघत होती. तिला आकडे स्वच्छ दिसत होते. उलकानने डबा यंत्रात बसवून दांडा फिरवला आणि सेपरेटर सकाळसारखाच गुरगुरून थरथरायला लागला.

 बुरुलने लेकीच्या गालाकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. मग मेदेरला विचारलं, "मग हे तिथं का नाही सांगितलंत?"

मेदेर म्हणाला, सांगितलं, पण त्यांना पटलं नाही. आणि लगेच त्याला कळलं की हीसुद्धा पळवाटच. इथे तर पटलं होतं. चकत्या हातात घेतल्यावर पटलं होतं.

त्याने डबा यंत्रात राहू दिला, चुकलेला होता तसाच. "चल, उलकान," तो म्हणाला.

"मी नाही येत. परत चहा ओतायला लावतील."

ती ते रागाने बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती नेहमीसारखी खाली बघून बोलली. मेदेरने खुंटीवरचा कालपाक काढला आणि हातगाडी वळवली. बुरुलने कोमट दुधाची बरणी काखेत मारली आणि काही न विचारता त्याच्यामागे निघाली.

हेडबाईंच्या घरी अजून चहा चालू होता. मेदेरने आत जाऊन टेबलावरच्या बशा सारल्या, सेपरेटर मधोमध ठेवला आणि कालपाक तपासणीसबाईंच्या पुढ्यात ठेवला. हेडबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. दिलेला कालपाक परत करणं म्हणजे घरधन्याच्या तोंडावर थुंकणं, हे त्यालाही ठाऊक होतं. बुरुलने दूध ओतलं. मेदेरने दांडा फिरवला, टेबल हललं, कपबशा खणखणल्या. या खेपेला बाईंनी खुर्ची वेळेत मागे घेतली.

"हे मी जोडलंय, सकाळीही मीच जोडलं होतं. मला आकडे दिसत नाहीत. यंत्र उलकानचं आहे, तीन महिन्यांचं काम तिचं आहे, अर्सेनने फक्त बोलून दाखवलं."

दूध टेबलावरून हेडबाईंच्या गालिच्यावर टपटपत होतं. कुणी पुसायला उठलं नाही.

तपासणीसबाईंनी विचारलं, "मग सकाळी गप्प का बसलात?"

"लाज वाटली."

"आणि आता?"

"आता जास्त वाटतेय."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, कौतुक कुठल्याकुठे गेलं होतं. त्यांनी फाइल ओढून पेन काढलं आणि त्याला ओलांडून बुरुलला विचारलं, मुलीचं पूर्ण नाव काय. बुरुलने रिकामी बरणी पोटाशी धरली आणि बापाच्या नावासकट खणखणीत आवाजात सांगितलं. मेदेर खाली बघत उभा होता. सकाळी ते नाव त्याने घ्यायचं होतं.