सतरावा भाग

माझ्या कादंबरीच्या पाचशे प्रती निघाल्या, सहा वर्षांत त्यातल्या दोनशे खपल्या, आणि खरं सांगते, मला ते बरंच वाटत होतं. घरात ती कुणी वाचली नव्हती. माझा धाकटा भाऊ विकी, त्याने मुखपृष्ठाचा फोटो स्टेटसला ठेवला, आत डोकावला नाही. आईला सही करता येते, वाचता येत नाही. म्हणूनच मी इतकं खरं लिहू शकले.

कादंबरी माझ्या बहिणीची, रतनची. सोळा वर्षांची असताना ती काविळीनं गेली. त्या सकाळी आई कामावर, विकी शाळेत, घरात आम्ही दोघीच. माझा टीवायचा पेपर होता. मी चप्पल घालत होते तेव्हा ती म्हणाली, "ताई, आज थांब ना. मला कसंतरीच होतंय." मी तिच्या उशाशी ग्लुकोजचं पाणी ठेवलं आणि गेले. संध्याकाळी आले तेव्हा ती ग्लानीत होती. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच वारली. मी सगळ्यांना सांगितलं की सकाळी ती बरी होती, झोपली होती. खरं काय ते फक्त पुस्तकात लिहिलं.

या वर्षी अंधेरीच्या एका ऑडिओ कंपनीने कादंबरी घेतली आणि तिचे चोवीस भाग केले. काम सौरभ नावाचा मुलगा बघायचा. महिनाभराने त्याने मला ऑफिसात बोलावून लॅपटॉपवर आलेख दाखवला. सोळाव्या भागापर्यंत ऐकणारे टिकत होते. सतराव्यात रतन मरते, तिथे एक तृतीयांश लोक गळतात. त्याचं म्हणणं साधं होतं. सतरावा भाग नव्याने लिहायचा, रतनला वाचवायचं आणि पुढे साठ भाग चालवायचे. मुलगा वाईट नव्हता, पुस्तकं वाचणारा होता, आणि हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हता.

"यार सौरभ, माझी सख्खी बहीण आहे ती," मी म्हटलं. "तुझ्या आकड्यांसाठी उठवू तिला?" आणि तावातावाने मानखुर्दला घरी आले.

आई जेवण आटोपून कॉटवर बसली होती, कानात इयरफोन. विकीने मोठ्या कौतुकाने तिच्या मोबाइलवर माझी कादंबरी लावून दिली होती. रोज जेवल्यावर एक भाग, असा तिचा नेम चालला होता. दुपारी मी नोकरीवर असते, त्यामुळे मला पत्ताच नव्हता. चौदावा चाललाय, म्हणाली. गोष्टीतली रतन कशी अगदी आपल्या रतनसारखीच बोलते, हेही म्हणाली. ती चक्क हसत होती.

चौदावा आज, म्हणजे तीन दिवसांनी सतरावा, त्या सकाळचा. मी मोरीत जाऊन सौरभला फोन केला आणि लिहिते म्हणून सांगितलं. तत्त्वबित्त सगळं गुंडाळून ठेवलं. मजकूर हातात आला की जुना सतरावा लगेच काढून टाकतो, असं तो म्हणाला.

तीन दिवस रजा टाकली. नव्या भागात ताई पायातली चप्पल काढते, रिक्षा आणते, पेपर बुडवते. रतनला सलाईन लागतं आणि तिसऱ्या दिवशी ती मोसंबी सोलून मागते. भराभर लिहून झालं. लिहिताना इतकं हलकं वाटलं की माझी मलाच लाज वाटली.

मग अठरावा घेतला. रतन दवाखान्यातून घरी आली, दारात उभी राहिली आणि गप्प झाली. तिने आता काय बोलायचं ते मला सुचेना. सोळा वर्षांपर्यंतची रतन मला तोंडपाठ होती. त्यापुढची मला ठाऊकच नव्हती, आणि ती का ठाऊक नव्हती हे मला चांगलं माहीत होतं. दुसऱ्या दिवशीही पान तिथेच अडलं. मी सौरभला काहीच पाठवलं नाही.

तिसऱ्या दुपारी आईशेजारी बसले. तिच्या कानातले इयरफोन काढले, मोबाइल दोघींच्या मध्ये ठेवला आणि सतरावा लावला. भाग बावीस मिनिटांचा होता. "ताई, आज थांब ना" आलं तेव्हा आईने एकदा माझ्याकडे पाहिलं. नंतर शेवटपर्यंत पाहिलं नाही.

"हे पुस्तकात होतं?" संपल्यावर तिने विचारलं.

"हो."

"सगळ्या लोकांना सांगितलंस. मला नाही सांगितलंस."

मी रडायला लागले, पण तिने मला जवळ घेतलं नाही. उठून ओट्यापाशी गेली, पाणी प्यायली, तिथेच पाठमोरी उभी राहिली. बऱ्याच वेळाने ती परत येऊन बसली.

"दवाखान्यात दुसऱ्या दिवशी ती शुद्धीवर आली होती," आई म्हणाली. "तू औषधं आणायला खाली गेली होतीस. मी तिला विचारलं, ताई तुला एकटं टाकून गेलीच कशी? तर म्हणली, ताई थांबत होती गं, मीच तिला पेपरला पाठवलं."

आईने मोबाइल माझ्याकडे सरकवला. "ती झोपली होती असं तू सांगितलंस, तरी इतकी वर्षं मी तिचंच खरं धरून चालले."

दोनशे अठरा पानं मी रतनवर लिहिली, त्यात तिचं हे वाक्य नव्हतं. आणखी साठ भाग लिहिले असते तरी ते मला सुचलं नसतं.